विद्युतचुंबकीय यंत्रशक्ती : आरंभकाळ

विजेच्या प्रवाहाने लोखंडाला तात्पुरते चुंबकत्व आणायचे आणि त्या चुंबकाच्या ओढीने यंत्र चालवायचे, या कल्पनेचा पहिला बहर साधारण 1820 ते 1873 या काळात आला आणि ओसरलाही. विजेची मोटर एडिसनच्या काळातली, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात चालती मोटर त्याच्या जन्माआधीच तयार होती. अडले होते ते स्वस्त विजेपाशी.

प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे कोपनहेगनच्या ओर्स्टेडने 1820 मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये फॅराडेने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती अखंड फिरती ठेवली. ही सतत फिरणारी हालचाल महत्त्वाची होती, पण तिच्याने काम काहीच होण्यासारखे नव्हते. जोर आला तो विद्युतचुंबकामुळे. विल्यम स्टर्जनने 1825 च्या सुमारास नालाच्या आकाराच्या लोखंडावर उघडी तार गुंडाळली आणि 7 औंसांच्या तुकड्याने 9 पौंड वजन उचलून दाखवले. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने वेष्टण घातलेल्या तारेचे थरावर थर दिले. 1831 मध्ये येल विद्यापीठासाठी केलेल्या त्याच्या चुंबकाने 2,000 पौंडांहून अधिक भार पेलला. त्याच वर्षी त्याने चुंबकाच्या ओढीने वरखाली झुलणारा एक दांडाही केला. मात्र स्वतः त्याला खेळण्यापलीकडे किंमत दिली नाही.

ती किंमत दिली एका लोहाराने. व्हरमाँट राज्यातील ब्रँडन गावचा टॉमस डॅव्हेनपोर्ट 1833 मध्ये क्राउन पॉइंटच्या लोखंड कारखान्यात गेला. तिथे धातुक, म्हणजे लोखंडाचे खनिज, वेचण्यासाठी हेन्रीच्या पद्धतीचे चुंबक वापरत. त्यातला एक चुंबक ऐरण उचलून धरतो आणि तार सुटताच सोडून देतो, हे पाहून तो खुळावलाच. लोखंड घ्यायला गेलेला गडी चुंबक घेऊन आला. त्यापायी भावाचा घोडा विकावा लागला. घरी येऊन त्याने चुंबकाचे वेटोळे उलगडले आणि तार कशी गुंडाळली आहे ते बारकाईने समजून घेतले. नव्या चुंबकांच्या तारेला वेष्टण म्हणून बायको एमिलीने आपल्या लग्नातला रेशमी पोशाख फाडून पट्ट्या करून दिल्या, असे सांगतात. चाक नेमक्या क्षणी पुढे ढकलले जावे म्हणून प्रवाहाची दिशा आपोआप उलटवणारा दिक्परिवर्तक त्याने बसवला, आणि 1834 मध्ये चाक फिरू लागले. पेटंटसाठी पाठवलेला नमुना पेटंट कार्यालयाच्या आगीत जळाला. तो पुन्हा घडवून 25 फेब्रुवारी 1837 रोजी त्याने पेटंट मिळवले. 1840 मध्ये त्याने आपल्या मोटरवर छापखान्याचे यंत्र चालवून नियतकालिकही काढले. पैसा मात्र हाती लागला नाही, आणि 1851 मध्ये तो वारला.

त्याच सुमारास युरोपात मोरित्झ याकोबी याने स्वतंत्रपणे मोटर केली. 1838 मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीवर त्याची वल्ह्यांच्या चाकांची नाव डझनभर माणसे घेऊन चालली. तिच्यात तांबे-जस्ताच्या 320 जोड्यांचा विद्युतघट ठेवलेला होता, आणि एवढ्या सरंजामावर वेग निघाला तो माणसाच्या चालण्याहूनही कमी. 1842 मध्ये ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनने सुमारे ताशी 4 मैल वेगाने इंजिन रुळांवर चालवले. वॉशिंग्टनच्या चार्ल्स पेजला तर अमेरिकी सरकारने 20,000 डॉलर दिले. त्याच्या इंजिनात तारेच्या पोकळ गुंडाळीत लोखंडी दांडा मागेपुढे ओढला जाई. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, हे उघड आहे. 29 एप्रिल 1851 च्या चाचणीत इंजिनाने ताशी 19 मैलांचा वेग गाठला खरा, पण हादऱ्यांनी घटातली रसायने वेगळी ठेवणारे मातीचे पडदे तडकले.

या सगळ्या खटाटोपाचा हिशेब जेम्स जूलने 1841 मध्येच मांडला होता. बिअर बनवणाऱ्या घराण्यातला हा तरुण घरच्या कारखान्यातल्या कामाला मोटर परवडते का, हे पाहायला निघाला होता. त्याला आढळले की घटात एक पौंड जस्त झिजले की 3,31,400 फूट-पौंड काम मिळते (एक पौंड वजन एक फूट उचलणे म्हणजे एक फूट-पौंड). उत्तम वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळसा सुमारे 15,00,000 फूट-पौंड देतो. शिवाय जस्त कोळशाच्या कितीतरी पट महाग. त्यातच मोटर फिरू लागली की ती स्वतःच घटाच्या विरुद्ध दिशेने विद्युतदाब निर्माण करते आणि घटातून येणारा प्रवाह घटतो. त्यामुळे वेग वाढतच जाईल ही याकोबीची सुरुवातीची अटकळही फोल ठरली. घटावरची मोटर त्यानंतरही बनत राहिली, पण कारखानदार तिच्याकडे फिरकले नाहीत.

सुटका झाली ती दुसऱ्या वाटेने. फॅराडेच्या 1831 च्या प्रवर्तनाच्या, म्हणजे चुंबक हलवून तारेत प्रवाह निर्माण करण्याच्या, शोधावर जनित्रे घडत गेली, आणि 1870 च्या दशकारंभी बेल्जियममध्ये जन्मलेल्या झेनॉब ग्रामच्या जनित्राने एकसंध, भरपूर प्रवाह मिळू लागला. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात अशाच एका जनित्राचा प्रवाह तारेने दुसऱ्या जनित्राला जोडला, तेव्हा ते दुसरे यंत्र मोटर होऊन पंप चालवू लागले. पहिले जनित्र मात्र कोळशापासून काढलेल्या वायूवर चालणाऱ्या इंजिनाने फिरत होते. जस्ताची कटकट संपली होती.