वाऱ्याचा फोटो आणि दाढीचं ब्लेड

'पंचमहाभूतं' हा विषय छायाचित्रण स्पर्धांमध्ये फिरून फिरून येतो. मध्यंतरी अशाच एका स्पर्धेतले निवडक फोटो पाहायला मिळाले. पृथ्वी म्हणून आटलेल्या धरणाचा भेगाळलेला तळ, आप म्हणून दुधाळ धबधबा (शटर सेकंदभर उघडं ठेवलं की कुठलाही धबधबा दुधाळच येतो), तेज म्हणून होळी, आकाश म्हणून आकाशगंगा. आणि वायू? वाकलेले माड, उडणारी ओढणी, उलटी झालेली छत्री. फोटो सुंदर होते, पण ते माडाचे, ओढणीचे आणि छत्रीचे. वारा त्यात नुसता संशयित आरोपी. हवा काही दिसत नाही, हे स्पर्धकांनी आणि परीक्षकांनी आपसांत मान्यच करून टाकलं होतं.

हवा दिसते. मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्यावरून समोरून येणारी एसटी लांबून थरथरताना दिसते, तेव्हा थरथरत असते ती मधली हवा. गॅसच्या शेगडीवरून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं तर त्यातल्या तारखा हलतात, तेही त्यामुळेच. पाण्यात पेन्सिल वाकडी दिसते हे आपण शाळेत शिकलो. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाश वाकतो, आणि किती वाकतो ते अपवर्तनांकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक साधारण 1.00027. निर्वाताचा 1. म्हणजे हवेची सगळी करामत दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या घरात सुरू होते. हवा तापली की विरळ होते, आणि हा 0.00027चा भाग घनतेच्या प्रमाणात कमी होतो. फरक इतका बारीक आहे, पण तो असतो, आणि तो फोटोत पकडायची युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. इथे थोडा वेळ लागेल.

दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्यांना ही युक्ती वेगळ्या कारणासाठी ठाऊक असते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा भरत आल्या आहेत. तिथे किंवा अन्यत्र ज्यांनी सहा इंची काच कार्बोरंडम (घासायची कठीण पूड) घालून तासन्‌तास घासली आहे, त्यांनी शेवटी फूको चाचणी केलेली असणारच. लेआँ फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1858 च्या सुमारास ती शोधली. अंतर्वक्र आरशाच्या वक्रता केंद्राशी, म्हणजे नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर, प्रकाशाचा एक बारीक ठिपका ठेवायचा. आरसा त्या ठिपक्याची प्रतिमा त्याच्या शेजारीच, तेवढ्याच आकाराची बनवतो. त्या प्रतिमेत दाढीच्या ब्लेडची धार हळूहळू सरकवायची आणि ब्लेडच्या मागून आरशाकडे पाहायचं. आरसा निर्दोष गोलीय असेल तर तो सगळाच्या सगळा एकदम करडा होतो. कुठे उंचवटा असेल तर तिथून येणारे किरण प्रतिमेच्या जागी न येता जरा बाजूला पडतात. ब्लेडकडे पडले तर तो भाग काळा, ब्लेडपासून दूर पडले तर उजळ. चाचणी इतकी तिखट असते की आरशावर काही सेकंद अंगठा टेकवून उचलला, तर उबेने फुगलेल्या काचेचा टेंगूळ स्पष्ट दिसतो आणि मिनिटामिनिटाला बसत जातो.

या चाचणीत आरसेवाल्यांना छळणारी एक गोष्ट असते: आरशासमोर कुणाचा हात गेला की चित्रभर धूर उठल्यासारखं होतं. धूर नसतोच, तळव्याभोवतालची ऊबदार हवा असते. आरसेवाले वैतागून हात बाजूला घ्यायला सांगतात. आउगुस्ट टोप्लर या जर्मन शास्त्रज्ञाने 1864 मध्ये हा त्रासच कामाला लावला. आरसा किंवा भिंग चांगलं असेल तर दिसणारा प्रत्येक काळा-उजळ भाग मधल्या हवेचा. या पद्धतीला श्लीरेन छायाचित्रण म्हणतात. त्याच्याही दोनशे वर्षं आधी रॉबर्ट हूकने भिंग आणि मेणबत्त्या वापरून ज्योतीवरची गरम हवा पाहिली होती, पण ब्लेडची ताकद टोप्लरने ओळखली.

ही ताकद किती, ते आकड्यांत पाहू. तळवा 33 अंश, खोली 27 अंश. खोलीचं तापमान केल्विनमध्ये 300, फरक 6, म्हणजे 2 टक्के. 0.00027चे 2 टक्के म्हणजे सुमारे 0.000005. तळव्याशेजारी एखाद्या सेंटिमीटरच्या थरात अपवर्तनांक एवढा बदलतो, आणि प्रकाश त्या थरातून हातभर नाही, फक्त दहाएक सेंटिमीटर जातो. हिशेब केला तर किरण अंशाच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढा वाकतो. डोळ्याने पाहाल तर शून्य. पण सहा इंची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाचं वक्रता केंद्र 2400 मिलिमीटरवर असतं. तेवढा प्रवास केल्यावर तो किरण मूळ जागेपासून सुमारे 0.1 मिलिमीटर सरकलेला असतो. (आरशाकडे जाताना आणि परत येताना प्रकाश त्याच हवेतून दोनदा जातो, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच.) आता ब्लेडने ठिपक्याची प्रतिमा इतकी कापली, की जेमतेम 0.5 मिलिमीटर पट्टी उघडी राहिली. किरण 0.1 ने सरकला, म्हणजे त्या जागेचा उजेड 20 टक्क्यांनी बदलला. एवढा बदल मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही सहज कळतो. ब्लेड आणखी आत घेतलं आणि 0.2 मिलिमीटरच उघडं ठेवलं तर बदल 50 टक्के. मात्र चित्र काळोखं होत जातं, म्हणून दिवा प्रखर हवा. इथे छायाचित्रकाराचं कसब कॅमेऱ्याच्या आधीच संपतं. ब्लेड किती आत घ्यायचं आणि उभं धरायचं की आडवं, एवढे दोनच प्रश्न असतात. उभ्या ब्लेडला हवेतले डावे-उजवे फरक दिसतात, आडव्याला वरचे-खालचे. एकाच मेणबत्तीचे दोन फोटो त्यामुळे पार वेगळे येतात.

बाकी सामान साधं. एलईडीसमोर अ‍ॅल्युमिनियम फॉइलला सुईने पाडलेलं भोक, ब्लेड, आणि त्यामागे 100 ते 200 मिलिमीटरची लेन्स. फोकस आरशाजवळ ठेवलेल्या वस्तूवर, हाताने. ज्योतीच्या वर हवा आधी सरळ, गुळगुळीत खांब करून चढते आणि थोड्या उंचीवर तिची वेटोळी सुरू होतात. ती गोठवायची तर शटर 1/1000 सेकंद. पंखा बंद. ही अट लिहायला सोपी, एप्रिलमध्ये पाळून पाहा.

इथेच एक खोचक बाब येते, आणि ती लपवून उपयोग नाही. या पद्धतीत दिसतो तो घनतेतला फरक, हवेची हालचाल नव्हे. सगळीकडे सारख्याच तापमानाचा जोरदार वारा आरशासमोरून गेला तरी चित्र करडंच राहील. वाऱ्याने सोबत ऊब, गारवा किंवा दुसरा एखादा वायू आणला तरच तो सापडतो. नुसता प्रवाह दाखवायचा तर हवेत काही तरी सोडावं लागतं. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारेने 1900 च्या सुमारास हवेत धुराच्या समांतर रेघा सोडून त्यांचे फोटो काढले होते. घरी उदबत्ती, काळा पडदा आणि बाजूने दिवा एवढ्यावर तेच होतं, आणि असे फोटो इतके झाले आहेत की त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

वेग पुरेसा असेल तर मात्र हवा स्वतःच दाबली जाते आणि घनता बदलते. एर्न्स्ट माख आणि पेटर झाल्खर यांनी 1886 मध्ये ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या गोळीचे फोटो घेतले, त्यात गोळीच्या टोकाशी हवेचा धक्का-तरंग उमटला होता. विमानांच्या वेगासाठी आपण वापरतो तो माख अंक याच माखच्या नावाचा.

हाताच्या श्लीरेन फोटोभोवती झळाळती कडा दिसते, आणि तो कुणी पाहिला की पुढचा शब्द 'ऑरा' असतो. पैसे घेऊन तुमचं तेजोवलय छापून देणारे प्रदर्शनांत भेटतात. त्यांचा आवडता दाखला किर्लियन छायाचित्रणाचा. 1939 मध्ये सेम्योन किर्लियनला सापडलेली ती गोष्ट म्हणजे उच्च दाबाच्या विजेने वस्तूच्या कडेला होणारं विद्युत विसर्जन, म्हणजे हवेतून वीज वाहताना पडणारा उजेड. ते बोटाच्या ओलाव्यावर अवलंबून असतं आणि नाण्याभोवतीही दिसतं. श्लीरेनच्या आरशासमोर नुकताच उकडलेला बटाटा ठेवा, त्याचं तेजोवलय कुठल्याही बाबापेक्षा भारी येतं. बटाटा निवला की तेही मावळतं.

आरसा मिळवणं ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी दोन वाटा. पहिली अगदी फुकट: सकाळचं कोवळं ऊन भिंतीवर पडत असेल तेव्हा मधे मेणबत्ती धरा. ज्योतीवरच्या गरम हवेची लवलवती सावली भिंतीवर पडते. रात्री मोबाइलच्या टॉर्चनेही जमतं, पण टॉर्चमध्ये दोन एलईडी असतील तर एक चिकटपट्टीने झाका, नाहीतर सावल्या एकमेकींवर चढतात.

दुसरी वाट संगणकाची. बारीक ठिपक्यांच्या पार्श्वभूमीचे दोन फोटो घ्यायचे, एक निव्वळ आणि एक मधे गरम हवा असताना, आणि कुठला ठिपका किती सरकला ते सॉफ्टवेअरने काढायचं. नासाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रांत दोन टी-38 विमानांचे धक्का-तरंग एकमेकांना भिडताना दिसतात, ते याच तत्त्वावर. कॅमेरा वरच्या विमानात होता आणि ठिपक्यांचं काम खालच्या वाळवंटाने केलं. आपल्याकडे काळ्या पाषाणाचा खरबरीत कडा किंवा खडीचा ढीगही चालेल. दोन फोटोंच्या मधे कॅमेरा केसभरही हलता कामा नये, त्यामुळे शटर रिमोटने किंवा टायमरवर उडवा. ट्रायपॉडच्या पायांना वाळूची पिशवी लटकवा, कारण बाहेर वारा असतो.