झाकण मिटले, हे लॅपटॉपला कळते कसे?

नवा लॅपटॉप बाजारात येण्याआधी त्याच्याविषयीच्या वावड्या येतात आणि त्यांत चुंबकाला हमखास जागा असते. झाकणाला चुंबकीय कडी असेल, बोट लावताच ते आपोआप उघडेल, असे छातीठोकपणे सांगितले जाते. बहुतेक वेळा याचा आधार एखादा पेटंट अर्ज असतो. अमेरिकेत असे अर्ज दाखल झाल्यावर साधारण 18 महिन्यांनी सार्वजनिक होतात आणि त्यांतल्या कित्येक कल्पना कारखान्याचे तोंडही पाहत नाहीत, हे मात्र सांगायचे राहून जाते. शिवाय चुंबकीय कडीत आता नवलाईही उरलेली नाही. ॲपलच्या 2001 च्या टायटॅनियम पॉवरबुकमध्ये झाकणात दडलेला आकडा (हुक), झाकण खाली येताच चुंबकाने ओढला जाऊन बाहेर डोकावत असे. मे 2006 मध्ये आलेल्या मॅकबुकमध्ये तो आकडाही गेला आणि झाकण निव्वळ चुंबकांच्या ओढीवर मिटलेले राहू लागले.

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्यापासून बनणारे हे चुंबक वाटाण्याएवढे असूनही जोरदार असतात, पण डिझायनरला तो सगळा जोर वापरता येत नाही. समजा, लॅपटॉपच्या खालच्या भागाचे वजन 900 ग्रॅम आहे. झाकणाची पुढची कड बोटाने उचलताना चुंबकांची ओढ त्या वजनाच्या निम्म्याहून, म्हणजे 450 ग्रॅमच्या भाराहून जास्त असेल, तर झाकण सुटण्याआधी सगळा लॅपटॉपच मागच्या कडेवर उचलला जाईल. उलट, ती ओढ झाकणाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असेल, तर लॅपटॉप उलटा धरताच झाकण लोंबू लागेल. बिजागरीचे घर्षण या दोन्ही मर्यादा आणखी खाली आणते. सारी कारागिरी या अरुंद पट्ट्यात बसवायची असते.

मला मात्र त्या ओढीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे कौतुक वाटते. झाकण मिटताच पडदा विझतो आणि यंत्र झोपी जाते, पण तिथे दाबले जाणारे बटण कुठेच दिसत नाही. झाकणातल्या एका लहान चुंबकाचे अस्तित्व खालच्या भागातली तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नसलेली चिप ओळखते, आणि तिच्यामागचे तत्त्व 1879 मधले आहे.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल हा विद्यार्थी तेव्हा एका शंकेने पछाडला होता. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेवर बल लागते हे ठाऊक होते, परंतु ते बल तारेच्या धातूवर लागते की तिच्यातून वाहणाऱ्या विजेवर? मॅक्सवेलसारख्या दिग्गजाने ते तारेवर लागते असे लिहून ठेवले होते. बल विजेवरच लागत असेल, तर प्रवाह पट्टीच्या एका कडेकडे सरकायला हवा आणि दोन कडांमध्ये किंचित विभवांतर (व्होल्टेज) दिसायला हवे, असा हॉलचा तर्क होता. जाड धातूवर काहीच हाती लागले नाही. मग गुरू हेन्री रोलंड यांच्या सल्ल्यावरून त्याने काचेवर चिकटवलेला सोन्याचा वर्ख घेतला आणि क्षीण प्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हनोमीटरचा काटा हलला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला तेव्हा अजून 18 वर्षे होती.

वर्खच का लागला, हे सूत्र सांगते. हे विभवांतर प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात, तर पट्टीची जाडी आणि एकक घनफळातील विद्युतभारवाहकांची संख्या यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असते. तांब्याच्या 1 मिलिमीटर जाड पट्टीतून 1 अँपिअर प्रवाह नेला आणि 1 टेस्ला इतके दणकट क्षेत्र लावले, तरी कडांमध्ये जेमतेम 0.07 मायक्रोव्होल्ट मिळतात, कारण तांब्यात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची नुसती गर्दी असते. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात भारवाहक लक्षावधी पटींनी कमी असतात. त्यामुळे तोच प्रवाह वाहायचा तर प्रत्येकाला कितीतरी अधिक वेगाने धावावे लागते, वेग वाढला की चुंबकीय बल वाढते आणि विभवांतर मोजण्याजोगे होते. शिवाय कोणती कड धन आणि कोणती ऋण, यावरून भारवाहक इलेक्ट्रॉन आहेत की धन भाराचे 'होल' (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा), हेही कळते.

लॅपटॉपमधली चिप हे विभवांतर वाढवून एका ठरावीक मर्यादेशी ताडून पाहते. ही मर्यादा सहसा काही मिलिटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे 40 मायक्रोटेस्ला क्षेत्राच्या शंभरेक पट असते. चिप मुद्दामच एवढी बोथट ठेवलेली असते. याउलट, पृथ्वीच्या क्षेत्रातले बारीक फेरफार टिपणारी कुलाब्याची वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये अलिबागला न्यावी लागली होती. चिपमध्ये मर्यादाही एक नसून दोन असतात: गच्चीवरच्या टाकीचा स्वयंचलित पंप जसा खालच्या पातळीला सुरू आणि वरच्या पातळीला बंद होतो, तसे 'मिटले' म्हणण्यासाठी जास्त क्षेत्र लागते आणि 'उघडले' म्हणण्यासाठी ते बरेच खाली यावे लागते. एरवी अर्धवट मिटलेल्या झाकणाला जरा धक्का लागताच पडदा लुकलुकत राहिला असता.

चिपला चुंबक कोणाचा याच्याशी देणेघेणे नसते. चुंबकाने चिकटणारा घड्याळाचा पट्टा कळफलकाच्या नेमक्या कोपऱ्याजवळ टेकला की काम चालू असताना पडदा काळा होतो. मिटलेल्या लॅपटॉपवर दुसरा उघडा लॅपटॉप ठेवला तरी हाच प्रकार घडू शकतो. मनगटावरच्या चुंबकाचा खात्रीने दाखवता येईल असा परिणाम हाच! रक्तदाब आणि सांधेदुखीवर म्हणून विकली जाणारी हातातली चुंबकीय कडी रक्तातले लोह ओढतात, हा दावा पोकळ आहे. हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे चुंबकाला चिकटत नाही, नाहीतर 1.5 टेस्लाच्या एमआरआय यंत्रात रुग्णाची धडगत नसती. खबरदारी हवी ती पेसमेकर असलेल्यांनी. त्या उपकरणातही चुंबक ओळखणारा स्विच असतो, म्हणून चुंबक असलेले फोन आणि घड्याळे त्यापासून 15 सेंटिमीटर दूर ठेवण्याचा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2021 मध्ये दिला.

आता आपोआप उघडणाऱ्या झाकणाकडे वळू. दोन लहान चुंबकांमधले बल, त्यांच्या आकाराच्या मानाने अंतर वाढले की, अंतराच्या चौथ्या घाताने घटते. अंतर दुप्पट झाले की ते सोळाव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे प्रतिकर्षणाने झाकण फार तर बोटभर उचकटेल. पुढचा प्रवास स्प्रिंगने किंवा मोटरनेच व्हायला हवा, आणि मोटर आली की तिला थांबायचे कुठे हेही कळले पाहिजे. त्यासाठी झाकणाचा कोन मोजणारा सेन्सर लागतो, जो ॲपलच्या 2019 च्या 16 इंची मॅकबुक प्रोमध्ये आलेलाच आहे. कोन मोजण्याची एक सुबक रीत अशी: बिजागरीबरोबर फिरणाऱ्या चुंबकाशेजारी दोन हॉल घटक, म्हणजे हॉलच्या याच तत्त्वावर चालणारे छोटे सेन्सर, काटकोनात बसवायचे. एक कोनाचा साइन देतो आणि दुसरा कोसाइन. दोघांच्या गुणोत्तरात चुंबकाची ताकद कटून जाते, त्यामुळे वर्षांनुवर्षांच्या वापराने तो थोडा क्षीण झाला तरी कोन बरोबरच येतो.