अतिदक्षता विभागातले स्टेरॉइड : पार्श्वभूमी

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका महिलेला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. दोन वर्षांत नोबेल मिळाले. सूज उतरवणारे इतके जबर औषध पुढे अत्यवस्थ रुग्णांनाही दिले जाऊ लागले, यात नवल नव्हते.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, भरमसाट डोस द्यायचा प्रघात पडला. १९७६च्या शूमर यांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण ३८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आल्याचे दिसले होते. १९८७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत मात्र काहीच फायदा आढळला नाही.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची हकीकत याहून चटका लावणारी आहे. मेंदूला सूज येते, स्टेरॉइड सूज उतरवते, मग द्यायला काय हरकत? ही समजूत तीसेक वर्षे टिकली. शेवटी ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत दहा हजारांवर रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना ४८ तास सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, निम्म्यांना औषध नसलेले सलाइन. २००४ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली : दोन आठवड्यांत औषधाच्या गटात २१ टक्के दगावले, दुसऱ्या गटात १८. शंभरामागे तीन माणसे औषधामुळे जास्त गेली! तर्क कितीही चोख वाटला तरी चाचणीशिवाय औषध रुळू देऊ नये, हे माझे मत या आकड्यांनी पक्के केले.

सेप्टिक शॉकमध्ये आता हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड देतात ते दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. २०१८च्या दोन चाचण्यांपैकी फ्रान्समधल्या चाचणीत, जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन हे दुसरे स्टेरॉइड देऊन, मृत्यू ४९ वरून ४३ टक्क्यांवर आले. त्याहून मोठ्या ‘ॲड्रिनल’ चाचणीत फरक पडला नाही. रुग्ण शॉकमधून लवकर बाहेर येतो, हे दोन्हींत दिसले. रक्तातली साखर मात्र वाढते.

मग कोविड आला. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१ वरून २९ टक्क्यांवर येतात. ऑक्सिजन लागत नसलेल्यांना फायदा नव्हता, उलट अपायाची शंका होती. यातला पहिला भाग आपल्याकडे घरोघर पोचला, दुसरा नाही. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन उत्तम असलेल्यांनीही घरी गोळ्या घेतल्या, कोणी साखर तपासली नाही. महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे वाढलेल्या साखरेत फोफावणाऱ्या काळ्या बुरशीच्या संसर्गाचे, हजारो रुग्ण निघाले. काहींचा डोळा, काहींचा वरचा जबडा काढावा लागला. देशभरातल्या अशा रुग्णांपैकी बहुतेकांना मधुमेह होता आणि बहुतेकांच्या कागदांवर स्टेरॉइड होते.