ताटातले लोह अंगी का लागत नाही?

"रक्त कमी आहे, बीट खा" हा सल्ला विदर्भातल्या कोणत्याही गावात दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर, बचत गटाच्या बैठकीत आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमध्ये हमखास ऐकायला मिळतो. तो देणाऱ्यांच्या मनात शंका नसते, कारण बीट लाल असते आणि रक्तही लाल असते. बीटचा लाल रंग मात्र बीटालेन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि त्या रंगद्रव्यात लोहाचा एक अणूही नसतो. 100 ग्रॅम बीटमध्ये लोह असते ते जेमतेम 1 मिलिग्रॅम; तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मटकीत ते 8 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि मटकी भिजून दुपटीने फुगली तरी तिचे पारडे बीटपेक्षा जडच राहते. आठवडी बाजारात बीट विकत घेण्यासाठी खर्च होणारे पैसे मटकीवर खर्च झाले असते तर अधिक बरे झाले असते, हे सांगावेसे वाटते म्हणून हा लेख लिहीत आहे. परंतु मटकी खा एवढे सांगूनही भागत नाही, कारण ताटात लोह असणे आणि ते अंगी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या व्याख्येत बसतात. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 48 टक्के होते, म्हणजे ते वाढले आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये ते 68.9 टक्के आहे. या आकड्यांवर "चौरस आहार घ्या" हे उत्तर दिले जाते आणि भिंतीवरच्या तक्त्यात सफरचंद, डाळिंब, बदाम रंगवले जातात. तालुक्याच्या गावी शिकायला किंवा भरतीची तयारी करायला खोली करून राहणारी मुलेमुली, ज्यांच्याजवळ एक बर्नर, पाच किलोचा सिलिंडर आणि एक छोटा कुकर एवढीच चूल आहे, त्यांना त्या तक्त्याचा काहीही उपयोग नाही. दिवस उगवायच्या आत भाकरी थापून, फडक्यात ठेचा बांधून कापूस वेचायला निघणाऱ्या स्त्रीला तर तो आणखीच परका आहे.

आता या स्त्रीच्या ताटाचा हिशेब करू. दिवसभरात 300 ग्रॅम ज्वारी पोटात गेली तर सुमारे 12 मिलिग्रॅम लोह मिळते. वाटीभर तुरीचे वरण आणि थोडी पालेभाजी धरली तर बेरीज 16–17 पर्यंत जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये स्त्रीसाठी शिफारस केलेले प्रमाण 29 मिलिग्रॅम आहे, म्हणजे तूट मोठी दिसते. परंतु हा 29 चा आकडा मुळात इतका मोठा ठेवावा लागतो, त्यामागचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीराला रोज प्रत्यक्षात लागणारे लोह दीड ते दोन मिलिग्रॅमच असते. बाकीचे लोह धान्य-कडधान्याच्या जेवणातून आतड्यात शोषलेच जात नाही, हे गृहीत धरून शिफारस फुगवलेली असते. वरच्या ताटातले 5 टक्के लोह शोषले गेले तर हाती लागते 0.8 मिलिग्रॅम. तेच शोषण दुप्पट झाले तर ताटात एक घासही न वाढवता आकडा 1.6 वर जातो. गरिबाच्या स्वयंपाकघरासाठी पोषणविज्ञानाने शोधलेली सर्वांत स्वस्त गोष्ट मला हीच वाटते, आणि म्हणूनच ती कशी घडते हे थोडे खोलात जाऊन पाहणे आवश्यक आहे.

ज्वारी, मटकी, हरभरा हे आपल्या दृष्टीने अन्न असले तरी वनस्पतीच्या दृष्टीने ते बी आहे, आणि बीजात पुढच्या रोपासाठी शिदोरी बांधून ठेवलेली असते. या शिदोरीतला बहुतेक फॉस्फरस फायटिक आम्ल नावाच्या रेणूत साठवलेला असतो. इनोसिटॉल या सहा कार्बनच्या कड्याला सहा फॉस्फेट गट जोडलेले असतात आणि त्या प्रत्येक गटावर ऋण विद्युतभार असतो. लोह आणि जस्त यांचे आयन धनभारित असतात. त्यामुळे खेकड्याने नांग्यांत भक्ष्य पकडावे तसे हे सहा गट त्या आयनांना धरून ठेवतात, आणि आतड्यात जी संयुगे तयार होतात ती पाण्यात विरघळत नाहीत. जे विरघळत नाही ते आतड्याच्या पेशीपर्यंत पोहोचतच नाही. खाल्लेले लोह जसेच्या तसे शरीराबाहेर जाते. माणसाच्या आतड्यात फायटिक आम्ल तोडू शकेल असे विकर (एन्झाइम) पुरेशा प्रमाणात नाही.

दुसरी अडचण लोहाची स्वतःची आहे. वनस्पतीजन्य अन्नातले लोह बहुतांशी तीन धनभाराच्या फेरिक रूपात असते. जठराच्या आम्लात ते विरघळलेले राहते. पण अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आले की आम्लता घटते आणि फेरिक लोहाचा अविद्राव्य हायड्रॉक्साइड तयार होऊ लागतो. नेमके याच भागात लोह शोषले जाते, आणि तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर असलेले डीएमटी-1 हे वाहक प्रथिन केवळ दोन धनभाराचे फेरस लोहच आत घेते. पेशीच्या काठावर फेरिकचे फेरस करणारे डीसायट-बी नावाचे एक विकर असते, पण त्याच्यापुढेही लोह विरघळलेल्या अवस्थेत यावे लागते. पेशीत शिरलेले लोह फेरोपोर्टिन या दाराने रक्तात उतरते, आणि ते दार यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक लोहाच्या साठ्यानुसार बंद करते किंवा उघडे राहू देते. अंगात जंतुसंसर्ग असेल तर हेप्सिडिन वाढते व दार बंद होते. वारंवार आजारी पडणारे मूल चांगले खाऊनही पांढरेफटक का राहते, याचे एक कारण इथे सापडते.

आता या साखळीत आपण कुठे हात घालू शकतो? पहिली जागा बीजातच आहे. फायटिक आम्ल तोडणारे फायटेज हे विकर बीजाने स्वतःजवळच ठेवलेले असते. कोरड्या दाण्यात ते निपचित असते. पाणी मिळून दाणा जागा झाला की ते कामाला लागते आणि फॉस्फेटचे गट एकेक करून सुटू लागतात, कारण आता ते कोंबाला हवे असतात. रात्रभर भिजवून सकाळी फडक्यात घट्ट बांधलेल्या मटकीची पुरचुंडी संध्याकाळी तळहातावर घेतली, तर ती बाहेरून ओली आणि आतून किंचित उबदार लागते. ती ऊब दाण्यांच्या श्वसनाची आहे आणि फायटिक आम्लाचे विघटन त्याच वेळी सुरू आहे. यासाठी गॅस लागत नाही, वीज लागत नाही, लागते ते एक फडके. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही मोड आल्यावर तयार होते. मात्र दाणे आधी शिजवून मग भिजवले तर काही साधत नाही, कारण उष्णतेने फायटेज नष्ट होते.

ज्वारीची गोष्ट थोडी वेगळी आहे. गव्हाच्या मानाने ज्वारीत आणि तांदळात फायटेज बरेच कमी असते, त्यामुळे पीठ नुसते भिजवून फारसा फरक पडत नाही. ते आंबवले तर लॅक्टिक आम्ल तयार होऊन पिठाचा पीएच 5 च्या आसपास येतो आणि धान्यांतले फायटेज याच आम्लतेत सर्वांत चांगले काम करते. आंबिलीचे पीठ रात्री भिजवताना त्यात मूठभर गव्हाचे न चाळलेले पीठ कालवले तर गव्हातले फायटेज ज्वारीच्याही उपयोगी पडते. रास्त भावाच्या दुकानातून प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा मिळणाऱ्या 5 किलो धान्यात गहू असला तर तो यासाठी घरातच असतो.

असे असले तरी मोडांची बाजू मांडताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. स्वीडनमधील संशोधक लेइफ हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये किरणोत्सारी लोह घातलेले पाव माणसांना खाऊ घालून शोषण मोजले. फायटेटमधल्या, म्हणजे फायटिक आम्लाच्या क्षारांमधल्या, फॉस्फरसचे प्रमाण केवळ 2 मिलिग्रॅम असताना शोषण 18 टक्क्यांनी घटले, 25 मिलिग्रॅमला 64 टक्क्यांनी आणि 250 मिलिग्रॅमला 82 टक्क्यांनी. हे आकडे नीट वाचले तर दिसते की सर्वाधिक घट सुरुवातीच्या थोड्या फायटेटनेच होते. म्हणजे मोड आणून निम्मे फायटेट गेले तरी उरलेले निम्मे पुष्कळ अडवते. याच प्रयोगात क जीवनसत्त्व घातल्यावर मात्र ही अडवणूक लक्षणीय प्रमाणात हटली. क जीवनसत्त्व फेरिक लोहाचे फेरस करते, आणि जठरातच लोहाला धरून पुढे आम्लता घटल्यावरही विरघळलेले ठेवते. फायटिक आम्लाच्या आधी लोहाचा ताबा घेणारे दुसरे कोणीतरी हवे असते, आणि ते काम क जीवनसत्त्व करते. म्हणून भिजवणे आणि क जीवनसत्त्वाचे फळ हे दोन्ही उपाय एकत्र हवेत, आणि फळ त्याच जेवणासोबत हवे. सकाळी खाल्लेला पेरू रात्रीच्या भाकरीतल्या लोहासाठी थांबून राहत नाही.

येथे जेवणावर लिंबू पिळले की पुरे, हा गैरसमजही दूर करायला हवा. अर्ध्या लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व असते 5 ते 7 मिलिग्रॅमच. त्यातल्या सायट्रिक आम्लाचा थोडा हातभार लागतो, पण शोषण दुपटीकडे न्यायचे तर एका जेवणात 25 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. एका मध्यम पेरूत ते दीडशेच्या पुढे असते आणि तेवढ्याच वजनाच्या आवळ्यात त्याहून अधिक. कापूस वेचणीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपुढेपर्यंत, पेरू, आवळे आणि बोरे बांधावर किंवा बाजारात स्वस्तात मिळतात, आणि नागपुरी संत्र्याचा आंबिया बहारही त्याच सुमारास उतरतो. भाकरीच्या डब्यात एक पेरू टाकणे हा त्या दिवसांतला सर्वांत सोपा उपाय आहे. हिरवी मिरची कच्ची खाल्ली तर तिच्यातूनही हे जीवनसत्त्व मिळते, परंतु भाजून कुटलेल्या ठेच्यात त्यातले बरेच उडून गेलेले असते.

या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवणारी सवय म्हणजे जेवणासोबतचा चहा. चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये लोहाशी घट्ट संयुगे करतात आणि एका जेवणापुरते मोजले तर शोषण निम्म्याहून अधिक घटवतात. विदर्भात सकाळी चहात शिळी भाकर बुडवून खाणे हीच कित्येक घरांची न्याहारी आहे आणि शेतात दुपारच्या भाकरीनंतर लगेच चहा येतो. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, ते कोणी ऐकणारही नाही आणि त्याची गरजही नाही. जेवणानंतर तासाभराने तो घेतला तरी बरेचसे नुकसान टळते.

एका बर्नरच्या खोलीत हे बसवायचे तर मोडाची मटकी किंवा बरबटी (चवळी) झाकण ठेवून पाच-सात मिनिटे वाफवावी; अगदी कच्ची खाऊ नये, कारण मोडांच्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. वाफवताना क जीवनसत्त्व थोडे जाते, ते वरून कच्च्या फळाने भरून काढता येते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात पुरचुंडीला वास सुटतो, तेव्हा मोडाचा हट्ट न धरता सहा-आठ तास भिजवून, पाणी बदलून शिजवावे. अंबाडीसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली की काळपट पडते. तो काळेपणा कढईतल्या लोहाचा आहे, आणि ते लोह पोटातच जाते. फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे यांना तर खोलीत फारशी भांडीही लागत नाहीत. सोयाबीन आपल्या शेतात पिकते आणि कारखान्याला जाते. घरी खायचे असेल तर ते भिजवून कुकरमध्ये पूर्ण शिजवलेच पाहिजे, कारण कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन-रोधक द्रव्य प्रथिनांच्या पचनात आड येते. तालुक्याच्या दुकानांत भरतीच्या मुलांना विकले जाणारे महागडे प्रोटीनचे डबे मात्र वरण, भाकर आणि अंडी मिळत असताना घेण्याचे काहीही कारण नाही.

चालताना धाप लागणारी, डोळ्यांपुढे अंधारी येणारी मुलगी दिसली की "बाहेरचे लागले" म्हणून अंगारा लावायला नेणारी माणसे अजून आहेत, आणि त्यात गेलेले महिने भरून येत नाहीत. माती किंवा खडू खाण्याची अनिवार इच्छा हेही अनेकदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. त्यावर रागावून उपयोग नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासता येते. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते दर डेसिलिटर रक्तामागे 12 ग्रॅमच्या खाली आणि गरोदर स्त्रीत 11 ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. ते फारच खाली गेलेले असेल तर मोडांनी आणि पेरूने ते वर येणार नाही, त्यासाठी गोळ्याच हव्यात. त्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, आणि गोळीतल्या लोहालाही आतड्यात हाच रस्ता असल्यामुळे ती चहासोबत किंवा दुधासोबत गिळू नये. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पोटात अंकुशकृमी असतील तर जितके लोह आत येते तितके रक्तावाटे बाहेर जात राहते, म्हणून जंतांची गोळीही घ्यावी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्यातला रक्तक्षय तांबड्या पेशी लवकर फुटल्यामुळे होतो, लोह कमी पडल्यामुळे नव्हे. त्यामुळे या भागात हिमोग्लोबिन कमी आढळले तर सिकलसेलची चाचणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनाने सुरू ठेवू नयेत.