झोपेत लोळणाऱ्या बाळाला उशांचा बांध नको

बाळ रात्री लोळून पाळण्यात आडवंतिडवं सापडलं की सोलापूरकडे हमखास ऐकू येतं: दृष्ट लागली, दोन्ही बाजूंनी उशा लावा, चादर घट्ट खोचा. दृष्टीचा इथे काहीही संबंध नाही. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप चुळबुळीचीच असते, आणि साधारण ४ ते ६ महिन्यांत ते कूस पालटायला शिकतं. खरा धोका त्या उशांचा! तोंड त्यात रुतलं तर श्वास कोंडतो. आपली सोलापुरी चादर जाड, त्यात इथला उन्हाळा. बाळाचं अंग तापतं. वर्षाचं होईपर्यंत पाठीवरच निजवा, गादी टणक, भोवती काही नको. दोन्हीकडे स्वतः वळणारं बाळ झोपेत पालथं झालं तर राहू द्या. वळायला लागताच दुपट्यात गुंडाळणं मात्र बंद करा.