एकोणीस लेय, पण वीस 'दे' लेय

मराठी पोराला शंभरापर्यंत मोजताना त्रेपन्न, एकोणसत्तर, अठ्ठ्याण्णव असा एकेक शब्द घोकावा लागतो. रोमानियनमध्ये पहिले दहा आले की बहुतेक काम झालं: ऊनु, दोय, त्रेय, पात्रु, चिंच (हो, आपली चिंचच), शासे, शाप्ते, ओप्त, नोवऽ, झेचे. जिथे 'ऽ' आहे तिथे शेवटचा 'अ' पुरता उच्चारायचा.

अकरा म्हणजे 'ऊनस्प्रेझेचे', शब्दशः 'दहावर एक'. हा 'स्प्रे' लॅटिन 'सुपेर'मधून आला. गंमत अशी की, एकोणिसासाठी लॅटिनमध्ये 'वीसातून एक' अशी आपल्यासारखीच रचना होती. रोमानियनने ती टाकली. तिथे एकोणीस म्हणजे सरळ 'दहावर नऊ', नोवऽस्प्रेझेचे. वाकडे शब्द तीनच: चौदा पायस्प्रेझेचे, सोळा शायस्प्रेझेचे, साठ शायझेच. बाजारात मात्र ही लांबण कोणी लावत नाही. 'ऊनश्पे', 'पायश्पे' असंच ऐकू येतं.

पुढे दशक आधी, मग 'शि' म्हणजे 'आणि', मग एकक. पंचवीस: दोवऽझेच शि चिंच. आपण पाच आधी म्हणतो, त्यामुळे ऐकून आकडा लिहिताना सुरुवातीला हात उलटा वळतो.

खरी मेख आकड्याला नाम जोडताना लागते. एक आणि दोन लिंगानुसार बदलतात: दोय लेय (रोमानियाचं चलन 'लेउ', त्याचं अनेकवचन 'लेय', पुल्लिंगी), पण दोवऽ पेरे, म्हणजे दोन नासपती. नपुंसकलिंगी नाम एकवचनात पुल्लिंगी वागतं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगी: ऊन ओउ, एक अंडं, दोवऽ ओवऽ, दोन अंडी. 'दोघे-दोघी' म्हणणाऱ्याला हे परकं वाटू नये. पण बारा, बावीस, बत्तीस यांच्या पोटातही हाच 'दोन' असतो, हे हमखास विसरतं. बारा लेय 'दोयस्प्रेझेचे', बारा अंडी 'दोवऽस्प्रेझेचे'. शंभर (सुतऽ) आणि हजार (मीये) स्त्रीलिंगी, म्हणून दोनशे 'दोवऽ सुते' आणि दोन हजार 'दोवऽ मीय'.

दुसरी मेख 'दे'. एकोणीसपर्यंत नाम थेट येतं: नोवऽस्प्रेझेचे लेय. विसापासून मध्ये 'दे' घुसतो: दोवऽझेच दे लेय. शंभरानंतर आकड्याचे शेवटचे दोन अंक बघायचे. ते 01 ते 19 असतील तर 'दे' नाही. 00 किंवा 20 ते 99 असतील तर हवा. म्हणून 100 दे लेय, 105 लेय, 119 लेय, 120 दे लेय. हजारही इथे नामच धरतात: वीस हजार म्हणजे दोवऽझेच दे मीय. तेव्हा सुटे आकडे घोकत बसू नका. जुनी पावती घ्या आणि प्रत्येक रक्कम 'लेय'सकट मोठ्याने वाचा.

पावतीवर 1.250,50 दिसलं तर ते साडेबाराशे लेय आणि पन्नास बान (शंभर बानांचा एक लेउ) आहेत. तिथे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. 1 जुलै 2005 रोजी चलनाची चार शून्यं कापली गेली. 10,000 जुन्या लेयचा एक नवा लेउ झाला. तरी जुन्या हिशेबाची सवय असलेला माणूस 'ऊन मिलिओन' म्हणाला तर दचकू नका. तो शंभरच लेय मागतोय.