पाठीतली भूल खरंच कधी टाळायची?

"कंबर आधीच दुखते, पाठीत इंजेक्शन नकोच," असं सिझेरियनच्या आधी घरची मोठी माणसं हमखास सांगतात. पण साधी जुनी कंबरदुखी हे स्पायनल किंवा एपिड्युरल (पाठीतून द्यायच्या भुलीचे दोन प्रकार) टाळायचं कारण नाही. स्पायनलची सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात.

खरा धोका रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा, आणि तोच घरात कुणी विचारत नाही. रक्त नीट गोठत नसेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील, तर सुई टोचल्यावर मणक्यात रक्त साठून पाय कायमचे लुळे पडू शकतात. नुसती अ‍ॅस्पिरिन सहसा चालते. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी मात्र ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, तीही डॉक्टरांना विचारूनच. टोचायच्या जागी जंतुसंसर्ग, मेंदूतला वाढलेला दाब किंवा प्रचंड रक्तस्राव असेल, तरीही ही भूल टाळतात.